नवजात ताऱ्यांचे फवारे

जानेवारी-फेब्रुवारी महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास आकाश निरभ्र असेल, तर मृग नक्षत्र कोणालाही ओळखता येते. चार ठळक तारे म्हणजे मृगाचे चार पाय आणि त्यांच्यामध्ये एका ओळीत असलेले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात शिरलेला व्याधाचा बाण. या बाणाच्या दक्षिणेस आणखी तीन फिकट ठिपके एकाखाली एक दिसतात. त्यांतील मधला ठिपका इतर ताऱ्यांसारखा रेखीव नाही, किंचित पुसट आहे. त्याच्याकडे साध्या द्विनेत्रीतून पाहिले की तो तारा नसून धुरकट पुंजका आहे, हे लगेच ध्यानात येते. हाच मृगातील महान तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या पाठीमागे वायू आणि धूळ यांचा एक प्रचंड काळोखा ढग पसरलेला असून त्यात आजही नवे तारे जन्म घेत आहेत. सूर्याच्या कित्येक पट वस्तुमानाचे तारे जेथे तयार होत आहेत, अशी आपल्याला सर्वांत जवळची मोठी जागा हीच. ताऱ्यांचे हे बाळंतघरच म्हणा ना!

तारा कसा जन्मतो, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे आकुंचन पावतो, त्याचे केंद्र तापत जाते आणि शेवटी तेथे अणुगर्भांच्या मीलनाची क्रिया सुरू होते. हे वर्णन खोटे नाही. पण ते अपुरे आहे. शास्त्रज्ञांनी असे जन्मणारे तारे प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा त्यांना काहीसे उलटेच दृश्य दिसले. वायू आत ओढून घेणारा तारा त्याच वेळी सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने वायू बाहेरही फेकत होता! जो वाढू पाहतो आहे, त्याने असे उधळण्याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे दिसून आले, की ही उधळपट्टी नव्हे. हे फेकणे घडले नाही तर तारा तयारच होणार नाही.

चकवा देणारे ठिपके

ही कथा सुरू होते १९४० ते १९५० या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेतील लिक वेधशाळेत जॉर्ज हर्बिग आणि मेक्सिकोत गियेर्मो आरो हे दोघे स्वतंत्रपणे मृग नक्षत्रातील काळोख्या ढगांची छायाचित्रे अभ्यासत होते. दोघांनाही तेथे काही लहान, चमकदार, ढगाळ ठिपके आढळले. जवळपास कोणताही तेजस्वी तारा नसताना हे ठिपके चमकत होते. पुढे त्यांना 'हर्बिग-हारो वस्तू' असे नाव पडले.

त्यांतील दुसऱ्या क्रमांकाच्या वस्तूची १९४७ आणि १९५४ या सालांतील छायाचित्रे शेजारी ठेवली, तेव्हा हर्बिग चकित झाले. आधी जेथे काही नव्हते, तेथे दोन नव्या गाठी उजळल्या होत्या! मग काय, 'आपण ताऱ्यांचा जन्म डोळ्यांनी पाहिला' असेच काहींना वाटले.

पण तसे नव्हते. १९७५ च्या सुमारास या ठिपक्यांच्या वर्णपटाचा खुलासा झाला. अतिवेगाने जाणारा वायू संथ वायूवर आदळला की आघाततरंग निर्माण होतो आणि तापलेला वायू चमकू लागतो. ठिपक्यांचा प्रकाश हुबेहूब अशा वायूसारखा होता. १९८१ मध्ये हर्बिग व जोन्स यांनी अनेक वर्षांच्या छायाचित्रांवरून पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या वस्तूंची आकाशातील गती मोजली. त्या एकमेकींपासून विरुद्ध दिशांना पळत होत्या आणि त्यांच्या काही गाठींचा वेग सेकंदाला ३०० किलोमीटरहून अधिक होता. चार वर्षांनी, १९८५ मध्ये, त्या दोहोंच्या मध्यभागी धुळीत पूर्ण झाकलेला एक तारा रेडिओतरंगांच्या साहाय्याने सापडला. म्हणजे हे ठिपके तारे नव्हते. लपलेल्या ताऱ्याने दोन्ही बाजूंना सोडलेल्या फवाऱ्यांची ती टोके होती.

काळोखातील वायूचा वेग कसा मोजला?

फवारा सभोवतालच्या ज्या थंड ढगातून घुसतो, तो मात्र दृश्य प्रकाशात दिसत नाही. अशा ढगांची माहिती देण्यास कार्बन मोनॉक्साइडचा रेणू उपयोगी पडतो. हा रेणू स्वतःभोवती फिरतो आणि त्याचे फिरणे एका पायरीने मंदावले, की तो २.६ मिलिमीटर लांबीचा रेडिओतरंग बाहेर टाकतो. विल्सन, जेफर्ट्स आणि पेंझिअस या तिघांनी १९७० मध्ये हे तरंग प्रथम पकडले, तेही मृगातील तेजोमेघाच्याच दिशेने.

स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी गाडी जवळ येताना चढ्या स्वरात आणि दूर जाताना उतरत्या स्वरात ऐकू येते. हाच डॉपलर परिणाम रेडिओतरंगांनाही लागू पडतो. समजा, वायू आपल्याकडे सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने येत आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे तरंगलांबी दहा हजारांश भागाने कमी होईल. फरक एवढासा, पण रेडिओ उपकरणांना तो सहज मोजता येतो.

१९७६ मध्ये शास्त्रज्ञांनी मृगातील तेजोमेघाच्या मागील ढगाकडे असे पाहिले. तेथील संथ वायूचा आपसातील वेग सेकंदाला काही थोडे किलोमीटर. परंतु मिळालेल्या रेषेला दोन्ही बाजूंना लांबलचक 'पंख' फुटलेले होते. काही वायू आपल्याकडे, तर काही आपल्यापासून दूर असा अतिवेगाने धावत होता.

चित्र स्पष्ट झाले ते १९८० मध्ये, शेजारच्या वृषभ राशीत. तेथे सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरील एल-१५५१ या छोट्या काळोख्या ढगात एक तरुण तारा आहे. स्नेल, लोरेन आणि प्लॅम्बेक यांना असे दिसले, की ताऱ्याच्या एका बाजूचा सारा वेगवान वायू आपल्याकडे येत आहे आणि दुसऱ्या बाजूचा सारा दूर जात आहे. दोन तोंडांच्या या प्रवाहाला 'द्विध्रुवी प्रवाह' असे म्हणतात. त्याचे वय तुम्हीही काढू शकाल. प्रवाह ताऱ्यापासून साधारण दीड प्रकाशवर्ष लांब पोचला आहे आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५ किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या वीस हजारांश. प्रकाशाला दीड वर्ष लागते, तर या वायूला वीस हजार पट, म्हणजे ३०,००० वर्षे लागली असणार. ताऱ्यांच्या कोट्यवधी-अब्जावधी वर्षांच्या आयुष्यात ही केवळ घटकाभराची गोष्ट होय.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने दिसणारा बहुतेक वायू ताऱ्याजवळून आलेला नसतो. आतला अरुंद आणि फार वेगवान झोत वाटेतल्या ढगाला ढकलत नेतो. आपण पाहतो तो मुख्यतः हा ढकलला गेलेला वायू.

फिरत्या ढगाची अडचण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा झोत निघतो तरी कशासाठी?

फिरत्या स्टुलावर हात पसरून बसा, दोन्ही हातांत एकेक जाड पुस्तक धरा आणि मित्राला स्टूल हळूच फिरवायला सांगा. आता हात छातीशी घ्या. तुम्ही एकदम जोरात फिरू लागाल. याचे कारण, बाहेरून पीळ दिला नाही तर कोनीय संवेग कायम राहतो. त्रिज्या निम्मी झाली, की फिरण्याचा रेषीय वेग दुप्पट होतो.

तारा ज्या ढगातून बनतो, त्याच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे एक तृतीयांश प्रकाशवर्ष असते. सूर्याची त्रिज्या सात लाख किलोमीटर. म्हणजे आकुंचनात त्रिज्या चाळीस लाखांहून अधिक पटीने घटते! समजा, ढगाची कड सुरुवातीस सेकंदाला अवघ्या १० मीटर वेगाने फिरत होती. हा ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे घाट चढणाऱ्या एस.टी. गाडीचा वेग झाला. कोनीय संवेग जसाच्या तसा राहिला, तर ढग सूर्याएवढा होईपर्यंत हा वेग सेकंदाला ४०,००० किलोमीटरच्या वर जाईल. पण सूर्याएवढ्या गोळ्याच्या विषुववृत्तावरील वेग सेकंदाला सुमारे ४४० किलोमीटरवर गेला, की गुरुत्वाकर्षण अपुरे पडून वायू निसटू लागतो. तात्पर्य, हा हिशेब खरा धरला तर सूर्य जन्मालाच यायला नको होता.

ढगातील वायू थेट केंद्रात पडू शकत नाही, तो ताऱ्याभोवती एक फिरती तबकडी बनवतो, ते याचमुळे. तबकडीतला वायू ताऱ्यात पडायचा असेल, तर त्याने आपला कोनीय संवेग दुसऱ्या कोणाच्या तरी पदरी घातला पाहिजे. तबकडीच्या आत वायूच्या घर्षणासारख्या क्रियांनी तो थोडाफार बाहेरच्या भागाकडे सरकतो. पण त्याला बाहेर नेणारा एक मोठा वाहक म्हणजे आपला हा झोत.

गोफण

ज्वारीच्या शेतात मचाणावर उभे राहून पाखरे उडवण्यासाठी गोफण फिरवताना तुम्ही पाहिले असेल. दोरी हातात, दगड तिच्या टोकाशी. हात थोडाच फिरतो, पण दगड मात्र वेगाने सुटतो. तबकडीतील गोफणीची दोरी म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या रेषा.

काळोख्या ढगात मूळचेच क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. ढग आकुंचन पावताना ते दाटत जाते आणि त्याच्या रेषा तबकडीतून वर-खाली आरपार जातात. वायूतील विद्युतभारित कण या रेषांना जखडल्यासारखे असतात. तारेत ओवलेल्या मण्याप्रमाणे ते रेषेवरून सरकू शकतात, पण रेषा सोडून सहसा जाऊ शकत नाहीत. रेषा तबकडीबरोबर फिरतात. त्या बाहेरच्या बाजूस पुरेशा कललेल्या असल्या, की त्यांवरील वायू वर आणि बाहेर भिरकावला जातो. पुढे याच रेषा पिळल्या जाऊन वायूला अक्षाभोवती आवळून धरतात आणि अरुंद झोत तयार होतो. या विचाराचे गणित ब्लँडफोर्ड आणि पेन यांनी १९८२ मध्ये कृष्णविवरांभोवतीच्या तबकड्यांसाठी मांडले. तेच पुढे तरुण ताऱ्यांनाही लावण्यात आले.

या गोफणीची खुबी अशी, की थोडा वायू पुष्कळ कोनीय संवेग घेऊन जातो. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या बाबतीत आत पडणाऱ्या वायूच्या साधारण एक दशांश वायू बाहेर फेकला जातो, असा अंदाज आहे. एक भाग दिला आणि बाकीचे नऊ भाग पदरात पडले, असा हा सौदा आहे.

ही कल्पना खरी असेल, तर बाहेर जाणारा वायूही तबकडीच्याच दिशेने फिरत गेला पाहिजे. चिलीमधील अटाकामा वाळवंटात ५००० मीटर उंचीवर 'अल्मा' ही ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मृगातील तेजोमेघामागे लपलेल्या एका तरुण ताऱ्याचा वेध घेतला. 'स्रोत आय' असे त्याचे नाव असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे पंधरापट आहे. त्याच्या तबकडीतून निघणारा वायू तबकडीच्याच दिशेने फिरत बाहेर पडत असल्याचे आढळून आले. गोफण चालू आहे, याचा हा चांगला पुरावा होय.

मोठ्या ताऱ्यांना धुराडे हवे

पंधरा किंवा वीस सूर्यांएवढा तारा बनायचा असेल, तर आणखी एक अडचण उभी राहते. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा सूर्यापेक्षा सुमारे चाळीस हजार पट तेजस्वी असतो. म्हणजे वायूला आत खेचणारे गुरुत्वाकर्षण वीसपट, पण बाहेर ढकलणारा प्रकाश चाळीस हजार पट! प्रकाशाला दाब असतो. ढगातील धुळीचे कण प्रकाश शोषून घेतात आणि मागे लोटले जातात. आपल्याबरोबर ते वायूलाही लोटतात. शिवाय मोठा तारा इतक्या लवकर तापतो, की पूर्ण वाढण्याआधीच तो प्रखर तळपू लागतो. मग त्याच्यावर आणखी वायू पडावा कसा? १९७० नंतरच्या काही वर्षांत असे गणित मांडण्यात आले, की सर्व बाजूंनी सारखाच वायू पडत असेल तर ताऱ्याची वाढ एका मर्यादेनंतर खुंटली पाहिजे. पण मृगातील तेजोमेघ उजळवणारा प्रमुख तारा तर सूर्याच्या तीसपटीहून मोठा आहे!

उत्तर पुन्हा त्याच फवाऱ्यात सापडते. झोताने ढगात वर आणि खाली दोन पोकळ्या कोरलेल्या असतात. खोलीत चूल पेटवली आणि दारे-खिडक्या बंद ठेवल्या, तर धूर सगळीकडे कोंडतो. वर धुराडे असेल तर तो तिकडून निघून जातो. त्याचप्रमाणे ताऱ्याचे प्रारण या पोकळ्यांतून वाट काढते आणि तबकडीच्या पातळीत, म्हणजे जेथून वायू येत असतो तेथे, त्याचा दाब कमी पडतो. क्रुमहोल्झ, मॅकी आणि क्लाइन यांनी २००५ मध्ये गणिताने दाखवून दिले, की अशा पोकळ्यांमुळे बाहेर ढकलणारे बल पुष्कळच घटते. लहान ताऱ्याला फवारा गोफण म्हणून उपयोगी पडतो, तर मोठ्या ताऱ्याला तो गोफण आणि धुराडे असा दोन्ही कामांना येतो.

अर्थात याची किंमत ढगाला मोजावी लागते. फवारे आजूबाजूचा वायू ढवळून काढतात आणि उधळून लावतात. ढगाच्या दाट गाभ्यातील साधारण एक तृतीयांश वायूच ताऱ्यात जातो, असा अंदाज आहे. आकाशगंगेतील वायू केव्हाच संपून न जाता नवे तारे आजही जन्मत आहेत, याचे काही श्रेय या उधळणीला द्यावे लागेल.

मृगातील आगळा प्रकार

१९७६ मध्ये मृगाच्या दिशेने दिसलेल्या त्या पंखांचे काय झाले? वृषभेतील तारा पाहिल्यावर कोणालाही वाटेल, की येथेही तसाच द्विध्रुवी प्रवाह असणार. पण १९९३ मध्ये ॲलन आणि बर्टन यांना अवरक्त प्रकाशात निराळेच चित्र दिसले. एका केंद्रापासून हाताची बोटे पसरावीत तशा वायूच्या अनेक शलाका बाहेर निघाल्या होत्या. दोन दिशांना नव्हे, नाना दिशांना!

२००५ मध्ये रॉड्रिगेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जागेतील दोन ताऱ्यांची गती प्रसिद्ध केली. एक आपला 'स्रोत आय' आणि दुसरा १९६० नंतरच्या दशकात अवरक्त प्रकाशात सापडलेला 'बेकलिन-न्यूगेबाऊअर' तारा. दोघे एकमेकांपासून दूर पळत आहेत. त्यांचे मार्ग मागे-मागे नेले, तर सुमारे ५०० वर्षांपूर्वी ते एकाच ठिकाणी होते असे निघते. (हे आपल्याला दिसते त्यानुसार; तेथून निघालेला प्रकाश येथे पोचायला १३५० वर्षे लागतात, हे विसरू नये.) पुढे 'अल्मा'ने शंभराहून अधिक शलाकांचे वेग मोजले, आणि २०१७ मध्ये बॅली व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या या नकाशात सगळ्या शलाका त्याच ठिकाणाकडे बोट दाखवत असल्याचे दिसले.

म्हणजे येथे फवाराच नव्हे, तर स्फोट झाला होता. काही मोठे तरुण तारे दाटीवाटीत एकमेकांच्या फार जवळ आले असावेत. त्यांतील दोघे घट्ट बांधले गेले किंवा एकमेकांत मिसळले आणि त्यातून सुटलेल्या ऊर्जेने बाकीचे तारे व भोवतालचा वायू भिरकावला गेला. सूर्य जवळजवळ एक कोटी वर्षांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, तेवढी येथे अल्पकाळात वायूला मिळाली.

वर्णपटरेषेला फुटलेले पंख ही एकच खूण, पण तिच्यामागे दोन कारणे असू शकतात. एक, शिस्तीने चालणारी गोफण. दुसरे, गर्दीतली टक्कर. मोठे तारे बहुधा गर्दीतच जन्मतात, म्हणून त्यांच्या बाबतीत खूण पाहून लगेच निर्णय देता येत नाही. वायू कोणत्या दिशांना जातो आणि त्याचे मार्ग मागे कोठे मिळतात, हे एकेक करून तपासावे लागते.

खोडदच्या दुर्बिणीतून

गर्दीत जन्मूनही सरळ, लांबलचक झोत सोडणारे मोठे तारे आहेतच. धनू राशीत 'हर्बिग-हारो ८०-८१' या नावाच्या वस्तू आहेत. त्या सूर्याच्या दहापटीहून मोठ्या एका तरुण ताऱ्याच्या झोतामुळे उजळल्या असून हा झोत कित्येक प्रकाशवर्षे लांब आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील 'व्हीएलए' या रेडिओ दुर्बिणीने त्या झोतातून येणारे ध्रुवित रेडिओतरंग पकडले. असे तरंग चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांपासून निघतात. गोफणीची दोरी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, तेव्हा झोतात तिचा माग लागला म्हणायचा.

या तरंगांचा जोर कमी वारंवारतेला अधिक असतो, आणि कमी वारंवारता ऐकणारी जगातील एक मोठी दुर्बीण आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद येथे आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत विखुरलेल्या आहेत. भारतीय संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेधांत या झोताची कमी वारंवारतेची प्रारणे तिनेच टिपली आणि चुंबकीय क्षेत्राच्या पुराव्याला दुजोरा मिळाला.

सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी आपला सूर्यही अशाच एखाद्या ढगात, तबकडीच्या मध्यभागी वाढत होता. त्या वयाच्या ताऱ्यांमध्ये फवारे इतके सर्रास आढळतात, की सूर्यानेही आपला झोत दोन्ही बाजूंना सोडला असणार, याविषयी शास्त्रज्ञांना फारशी शंका वाटत नाही. तो वायू केव्हाच अवकाशात विरून गेला. मागे राहिलेल्या तबकडीतून पुढे ग्रह तयार झाले. सूर्य आज स्वतःभोवती एक फेरी घ्यायला सुमारे पंचवीस दिवस लावतो, म्हणजे त्याच्या विषुववृत्तावरील वेग सेकंदाला जेमतेम दोन किलोमीटर भरतो. कुठे ते चाळीस हजार आणि कुठे हे दोन! हा फरक ज्या ज्या मार्गांनी वाहून गेला, त्यांतला पहिला हिशेब त्या विरून गेलेल्या फवाऱ्याच्या नावावर मांडावा लागेल.